अण्णांच्या किंडलला कव्हर हवंय: उन्हाने न सोलणारं, हाताला हलकं, आणि पुस्तकासारखं दिसणारं

बोरीकाठ
१९ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

माझे वडील अमळनेरला असतात. वय ७६, हायस्कूलात मराठी शिकवून निवृत्त झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाइपाची पुस्तकं वाचणं त्यांना जड जायला लागलं, म्हणून मी त्यांना किंडल पेपरव्हाइट हा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊन दिलं. २०२१ सालचं, ६.८ इंची. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे कळलं त्या दिवशी अण्णा रात्री १ पर्यंत वाचत बसले होते. त्यांना वाचताना बघून मला किती बरं वाटलं ते इथे लिहून सांगता येणार नाही.

किंडल अजून ठणठणीत आहे. अडचण कव्हरची आहे, आणि आतापर्यंत ३ कव्हरं झाली.

पहिलं चामड्यासारखं दिसणारं, तपकिरी. दोन उन्हाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी दुमडीवर तडे गेले आणि मग साल निघायला लागली. अण्णा पांढरा सदरा घालतात. रोज संध्याकाळी त्यावर तपकिरी कोंडा. आई वैतागली. दुसरं रबरासारखं मऊ घेतलं, तर गादीतल्या कापसाचे तंतू त्याला असे चिकटायचे की पुसून पुसून हात दुखावेत. तिसरं दणकट, स्टँड असलेलं, मागे हात घालायला पट्टा. ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर १६५ ग्रॅम भरलं. किंडल स्वतः २०५ ग्रॅमचं. म्हणजे जवळजवळ तेवढंच ओझं वरून. अण्णांचं मनगट दुखायला लागलं, आणि आता ते किंडल उशीवर टेकवून मान वाकडी करून वाचतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला या सगळ्यापेक्षा जास्त लागते. अण्णांच्या कपाटात आयुष्यभर जमवलेली पुस्तकं आहेत. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, पहिल्या पानावर नाव, तारीख आणि लाल शाईत अनुक्रमांक. कोणी घरी आलं की हातातलं पुस्तक ते कौतुकाने दाखवतात. किंडल मात्र आल्यागेल्यासमोर उशीखाली सरकवतात. म्हणाले, "हे काळं प्लास्टिक हातात धरलं की मी वाचतोय असं कुणाला वाटतच नाही."

तर मला असं कव्हर हवंय की ते त्यांना पाहुण्यांसमोर हातात धरावंसं वाटेल. आणि आपल्याकडच्या उन्हात टिकेल. शिवाय भाच्यासाठी ११ इंची टॅब घेतलाय, त्याच्या कव्हरबद्दलही सांगा.

पांझरा
१९ एप्रिल, रात्री १०:०२

ताई, राम राम. धुळ्यात मोबाइल-टॅब दुरुस्तीचं दुकान आहे माझं, १२ वर्षं झाली. तुमच्या पहिल्या कव्हरचं काय झालं ते सांगतो, कारण ही तक्रार दर पावसाळ्यानंतर मन्हा दुकानवर येतेच.

ते चामडं नव्हतंच. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. कापडावर त्याचा पातळ थर चढवतात आणि वर चामड्याचा ठसा उठवतात. हवेतल्या ओलाव्याने त्या थरातले रासायनिक बंध हळूहळू तुटतात आणि उष्णतेने ते काम आणखी भरभर होतं. आपल्याकडे आधी मार्च ते जून भट्टी, मग लगेच पावसाळा. त्यात हाताचा घाम, केसांचं तेल. म्हणून लोक म्हणतात, "भाऊ, मी वापरलंही नाही, कपाटातच होतं, तरी सोललं." बरोबर आहे त्यांचं. कपाटातही हवा असतेच.

"बाँडेड लेदर" लिहिलेलं असेल तर तेही टाळा. चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा असतो, वर पुन्हा पीयूच. खरं चामडं ओळखायचं तर कापलेली कड बघा. तंतू दिसले पाहिजेत, खाली विणलेलं कापड दिसता कामा नये. खरं चामडं टिकतं, पण आपल्या कोरड्या उन्हात त्याला वर्षातून एकदोनदा तेलपाणी करावं लागतं, नाहीतर दुमडीवर फाटतं. पावसाळ्यात बुरशीही धरतं.

दुसरं कव्हर सिलिकॉनचं असणार. बाजारात मऊ दिसेल त्या सगळ्याला सिलिकॉन म्हणतात, पण बरीचशी टीपीयूची, म्हणजे लवचीक प्लास्टिकची असतात. खरं सिलिकॉन तंतू, धूळ, केस सगळं ओढून घेतं. टीपीयूला हा त्रास कमी. पारदर्शक टीपीयू उन्हाने पिवळं पडतं, एवढाच त्याचा दोष.

अण्णांसाठी माझं मत: जाडं सुती कापड किंवा कॅनव्हास वरून, आत कडक पाठ. कापड सोलत नाही, हाताला तापत नाही, आणि जुनं झालं तरी चांगलं दिसतं.

वाचनवेडी
२० एप्रिल, सकाळी ७:३५

मी रोज जळगाव-भुसावळ अप-डाउन करते आणि गाडीत वाचते. माझा अनुभव सांगते, म्हणजे कोणी तीच चूक करू नये.

मला सुंदर वस्तूंची आवड आहे. रीडरसाठी मी इकतचा देखणा पाऊच घेतला होता, आत मऊ फ्लीस, वर लाकडी बटण. दिसायला इतका गोड की गाडीतल्या बायका हातात घेऊन बघायच्या. एक दिवस बॅगेत डबा आणि पाण्याची बाटली त्याच्यावर आली, गर्दीत कोणीतरी बॅगेवर टेकलं. संध्याकाळी उघडलं तर पडद्याचा खालचा अर्धा भाग गोठलेला, मधून उभ्या रेघा. वरून एक चरासुद्धा नाही. पडलं नाही, आपटलं नाही. नुसत्या दाबाने गेलं.

म्हणून नुसता पाऊच घेऊ नका. पाऊच ओरखड्यापासून वाचवतो, दाबापासून नाही.

पांझरा
२० एप्रिल, सकाळी ८:१५

वाचनवेडी ताईंचं म्हणणं अगदी बरोबर. ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्यात केसाएवढ्या जाडीच्या बारीक कुप्या असतात, त्यात काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने कण वरखाली होतात आणि मग तिथेच थांबतात, म्हणून वीज नसतानाही चित्र दिसत राहतं. या थरामागे ट्रान्झिस्टरची जाळी असते, आणि ती बहुतेक रीडरांमध्ये अगदी पातळ काचेवर असते. तडकते ती ही मागची काच. वरचा पृष्ठभाग शाबूत, आणि चित्र मात्र जिथल्या तिथे गोठलेलं. पडदा बदलायचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो, म्हणून मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, दुरुस्ती परवडणार नाही.

टॅबला भीती कोपऱ्यावर पडण्याची. ई-रीडरला भीती पोटावर दाब येण्याची. हा फरक ध्यानमा ठेवा, मग कव्हर निवडणं सोपं आहे. रीडरला समोरून कडक झाकण पाहिजे. टॅबला कोपरे जाड पाहिजेत.

आणि रीडरला टेम्पर्ड ग्लास लावू नका. गिऱ्हाईक मागतं, मी नको म्हणतो. त्या पडद्याचा खरखरीत, कागदासारखा स्पर्श आणि न चमकणं हीच त्याची कमाई आहे. त्यावर चकचकीत काच चिकटवली की उन्हात वाचायची मजा गेली.

केळीचं पान
२० एप्रिल, दुपारी १:४०

मी सावद्याकडचा, केळीचा बागायतदार. माझ्याकडे टॅब आहे, वावरात घेऊन फिरतो. ठिबकचं वेळापत्रक, हवामान, व्यापाऱ्याचे फोटो, हिशोब, सगळं त्यावर.

आमच्याकडे कव्हरचा पहिला शत्रू म्हणजे केळीचा चीक. घड कापताना हाताला लागतो, तोच हात टॅबला. ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट तपकिरी डाग, आणि तो कापडातून जन्मात जात नाही. म्हणून पांझरा भाऊंचा सुती कापडाचा सल्ला घरात बसून वाचणाऱ्याला ठीक, वावरात चालत नाही. मी मागून पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक प्लास्टिक, आणि कडेला टीपीयू असलेलं वापरतो. संध्याकाळी टॅब बाहेर काढून नुसतं कव्हर साबणाच्या पाण्याने धुतो.

एक चूक मी केली होती. काळं जाड कव्हर घातलेला टॅब मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पाणी बघायला गेलो. आलो तर पडद्यावर तापमानाची सूचना, अर्धा तास काहीच चालेना. तेव्हापासून फिकट राखाडी कव्हर, आणि टॅब सीटखाली.

भुसावळ जंक्शन
२० एप्रिल, रात्री ८:५०

भुसावळकर म्हणून उष्णतेवर बोलायचा हक्क मला आहेच. 🙂

आयपॅडसाठी कंपनी वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी पंख्याखाली बसलेला टॅबसुद्धा काठावर असतो. त्याला जाड फोमच्या रजईत गुंडाळून चार्जिंगला लावलं तर आतली उष्णता बाहेर जाणार कुठून? चार्जिंग करताना यंत्र तापत असेल तर कव्हर काढा असं कंपन्याच सांगतात. म्हणून मी कव्हर घेताना पहिली गोष्ट बघतो ती ही की रोज काढता-घालता येतं का. ज्याच्या कडा उचकटायला चमचा लागतो ते कव्हर मी घरात आणत नाही.

दुसरं, "मिलिटरी ग्रेड" या शिक्क्याला भुलू नका. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचणी-पद्धत आहे. पाडण्याच्या चाचणीत साधारण १.२२ मीटरवरून वस्तू २६ वेळा पाडतात, काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर. पद्धत चांगली आहे, पण ती कव्हर बनवणारा स्वतःच करून स्वतःच शिक्का छापू शकतो. कोणतंही सरकारी खातं ते तपासून प्रमाणपत्र देत नाही. त्यापेक्षा कव्हर हातात घ्या, टॅब आत बसवा आणि पालथा करून टेबलावर ठेवा. पडदा टेबलाला टेकला तर ती कड कमी उंचीची आहे. कड पडद्याच्या वर थोडी तरी उठलेली हवी.

बोरीकाठ ताई, अण्णांना पेसमेकर वगैरे नाही ना? विचारतो याचं कारण, झाकण बंद केलं की यंत्र झोपतं त्या कव्हरांत चुंबक असतं. आडवं होऊन वाचणारी माणसं डोळा लागला की ते छातीवरच ठेवतात. अॅपलची आपल्या चुंबक असलेल्या वस्तूंबद्दलची सूचना आहे की पेसमेकरपासून १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त लांब ठेवा. माझ्या वडिलांना पेसमेकर बसवला त्या दिवशी मी त्यांच्या टॅबचं चुंबकाचं कव्हर काढून साधं घातलं.

बोरीकाठ
२० एप्रिल, रात्री ९:३०

नाही दादा, पेसमेकर नाही. पण आठवणीने विचारलंत, मनापासून आभार. हे मला कोणत्याही दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

सातपुडा
२१ एप्रिल, सायंकाळी ६:२०

शहादा तालुक्यात शिक्षक आहे. ताई, तुमच्या भाच्याच्या टॅबबद्दल लिहितो, कारण मुलांच्या हातातले टॅब मी रोज बघतो.

आधी मॉडेल नीट बघा. पालक "११ इंची टॅब" एवढंच सांगून कव्हर मागवतात आणि कॅमेऱ्याचं भोक भलतीकडेच येतं. सॅमसंगचे टॅब ए९ आणि टॅब ए९ प्लस ही नावं सारखी, पण एक ८.७ इंची, दुसरा ११ इंची. आयपॅडमध्ये ७वी, ८वी, ९वी पिढी १०.२ इंची, तिघांना एकच कव्हर बसतं. १०व्या पिढीचा आकार वेगळा, त्याला जुनं कव्हर बसत नाही. २०२५ चा आयपॅड ए१६ मात्र १०व्या पिढीच्या कव्हरात बसतो. टॅबच्या मागे किंवा सेटिंगमध्ये मॉडेल क्रमांक असतो, तोच दुकानदाराला दाखवा.

लहान मुलांसाठी ईव्हीए फोमचं (चपलेच्या तळाला असतो तसा मऊ फोम), मूठ असलेलं जाडजूड कव्हर मला सगळ्यात जास्त पटलंय. ते हलकं असतं आणि कोपऱ्यावर पडलं तरी धक्का पितं. दिसायला खेळण्यासारखं, म्हणून आठवी-नववीची मुलं ते घालायला तयार होत नाहीत. त्यांना दोष देऊ नका. त्या वयात वस्तू आपली वाटली तरच मुलं ती जपतात. आमच्याकडे एका मुलीने साध्या काळ्या कव्हरवर ऑइल पेंटने मोर काढला. तिच्या टॅबला वर्षभरात एक चरा नाही.

भाचा स्पर्धा परीक्षेचा किंवा सीईटीचा अभ्यास करत असेल तर तिघडी झाकणाचं, उभं राहणारं कव्हर घ्या, आणि त्याला दोन तिरके कोन हवेत: एक व्हिडिओ बघायला, एक लिहायला. पेनवर चालणारा टॅब असेल तर चुंबकाचं झाकण मागे दुमडून लिहायला बसू नये. काही टॅबमध्ये पेन ओळखणारी जाळी पडद्यामागे असते, चुंबक तिथे आलं की रेघ वाकडी उमटते. मुलं म्हणतात पेन बिघडला.

गोधडीवाली
२२ एप्रिल, दुपारी ३:०५

मी पारोळ्याची. गोधड्या शिवते. वाचनवेडी ताईंचं वाचून वाईट वाटलं, पण पाऊचवर फुली मारू नका, त्यात एक सुधारणा करा.

मी माझ्या मुलीच्या टॅबसाठी गोधडीचा पाऊच शिवलाय. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे ४ पदर, धावदोऱ्याने दाट टाके. जुनं सुती कापड धुऊन धुऊन इतकं मऊ होतं की पडद्याला ओरखडा पडत नाही. नवीन कापडातली खळ खरखरीत असते, ते आत वापरू नका. समोरच्या बाजूला पदरांच्या मध्ये मी ३ मिलिमीटरचा सनबोर्ड घातलाय, तोच जो फ्लेक्सवाल्यांकडे बोर्ड बनवायला असतो. तुकडा मागितला तर त्यांनी तसाच दिला. हलका आहे, पाण्याने फुगत नाही आणि दाब सगळीकडे वाटून घेतो. धुवायच्या वेळी बाहेर काढता यावा म्हणून एका बाजूला शिवण न घालता टिचबटण लावलं.

चेन लावू नका. चेनचे दात टॅब आत-बाहेर करताना कडेला घासतात. झाकणाची पट्टी आणि बटण पुरे.

माप घेताना यंत्राच्या रुंदीत जाडी मिळवा आणि वर अर्धा इंच सोडा. गोधडीचे पदर आतून जागा खातात, पहिला पाऊच माझा त्यामुळेच घट्ट झाला होता.

वाचनवेडी
२२ एप्रिल, रात्री ८:४०

गोधडीवाली ताई, लुगड्याचा पाऊच! फोटो टाका ना. रंग कोणता आहे?

गोधडीवाली
२२ एप्रिल, रात्री ९:१५

हिरवं लुगडं, लाल काठ. काठ मी झाकणाच्या पट्टीवर घेतलाय, सासूबाई नेसायच्या तेव्हा तो खांद्यावर यायचा. फोटो उद्या उजेडात काढून टाकते.

बोरीकाठ
२३ एप्रिल, सकाळी १०:००

तुमचं सगळं वाचून काल रात्री एक कल्पना सुचली. अण्णांना पुस्तकासारखंच हवंय, तर पुस्तक बांधणाऱ्याकडेच का जाऊ नये? अमळनेरला एक बायंडरकाका आहेत. शाळेची रजिस्टरं, वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देतात. अण्णांची कितीतरी पुस्तकं त्यांनी बांधलीत. पुठ्ठा, वर बायंडिंगचं कापड, कापडी पाठ. हे सगळं हलकं असतं, सोलत नाही आणि कडकही असतं.

अडचणी दोन. किंडल आत धरून कसं ठेवायचं? आणि झाकण बंद केल्यावर ते झोपलं पाहिजे, अण्णा बटण दाबायला विसरतात.

पांझरा
२३ एप्रिल, दुपारी २:३०

ताई, फार चांगली कल्पना. दोन्ही गोष्टी होतात.

धरून ठेवायला: चार कोपऱ्यांना इलॅस्टिक लावतात काही जण, पण ते पडद्याच्या कडेवर येतं आणि बोट अडतं, पान भलतंच उलटतं. त्यापेक्षा तुमच्या मॉडेलची नुसती मागची पाठ मिळते, कडक पॉलिकार्बोनेटची, ती घ्या आणि पुठ्ठ्याला चांगल्या दुहेरी टेपने चिकटवा. मऊ टीपीयू किंवा सिलिकॉन घेऊ नका, त्यावर टेप आणि गोंद धरत नाहीत, महिन्याभरात सुटतं. पेपरव्हाइटचं बटण आणि चार्जिंगची जागा खालच्या कडेला आहे, तिथे पुठ्ठा पुढे येऊ देऊ नका.

झोपण्यासाठी: जुन्या पर्सच्या चुंबकी बटणातलं चुंबक काढा. किंडल चालू ठेवून चुंबक पडद्याच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. एका जागी पडदा झोपेल. तिथे आत चुंबक ओळखणारा सेन्सर आहे. कुठेच काही झालं नाही तर चुंबक उलटं करून पुन्हा फिरवा. जागा सापडली की झाकण मिटून बरोबर त्याच्यासमोर पुठ्ठ्यावर खूण करा, बायंडर तेवढा खळगा कोरून चुंबक आत बसवेल. चुंबकाने ई-इंकला किंवा आतल्या पुस्तकांना काही होत नाही, काळजी करू नका.

दोन पुठ्ठ्यांना जोडणारी पाठ कडक ठेवू नका, नुसत्या कापडाची मोकळी ठेवा. म्हणजे झाकण पूर्ण मागे दुमडता येईल आणि अण्णा एका हातात धरतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायंडरची खळ पूर्ण वाळल्याशिवाय यंत्र आत घालू नका. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते ओलं असताना चार्जिंगच्या तोंडाशी गेलं तर धातू खाईल. दोन दिवस वजनाखाली वाळू द्या.

केळीचं पान
२३ एप्रिल, रात्री ९:००

एक शंका. पुठ्ठा पाण्याने फुगेल की नाही? पेपरव्हाइट स्वतः पाण्यात टिकतं म्हणे.

भुसावळ जंक्शन
२३ एप्रिल, रात्री ९:४५

२०१८ पासूनच्या पेपरव्हाइटला आयपीएक्स८ आहे, म्हणजे २ मीटर गोड्या पाण्यात ६० मिनिटं. २०२२ चं साधं ६ इंची किंडल तसं नाही, दोघांत गल्लत करू नका. पण यंत्र वाचलं तरी ओलं कव्हर ओलावा धरून बसतं. भिजलं तर आधी कव्हरातून काढायचं, पुसायचं, पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावायचं नाही. पुठ्ठ्याचं कव्हर भिजून वाकडं झालंच तर बायंडर नवीन करून देईल. घरात वाचणाऱ्यासाठी ती काही मोठी गोष्ट नाही.

बोरीकाठ
११ मे, रात्री १०:२०

मंडळी, कव्हर झालं. सविस्तर लिहिते, कोणाला करून घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल.

मागची कडक पाठ ऑनलाइन मागवली. बायंडरकाकांकडे अण्णांना सोबत घेऊन गेले. काकांनी किंडल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात पुस्तकं किती मावतात, गुरुजी?" अण्णा म्हणाले, "तू जन्मभर बांधलीस त्याहून जास्त." दोघं बराच वेळ त्यावरच बोलत बसले, माप घ्यायचं राहूनच गेलं.

किंडल १७४ बाय १२५ मिलिमीटर, जाडी ८.१. आम्ही पुठ्ठे १८० बाय १३० चे कापले, २ मिलिमीटर जाडीचे. कापडी पाठ १४ मिलिमीटर ठेवली. काका १२ म्हणत होते, पण कडक पाठीची आणि आतल्या अस्तराची जाडी धरल्यावर तेवढं लागलंच. १२ असती तर झाकण तिरकं बसलं असतं. वरून मेंदी रंगाचं बायंडिंगचं कापड, कोपऱ्यांना आणि पाठीला गडद लाल, वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांना असतं तसं. चुंबकाची जागा पांझरा दादांनी सांगितली तशी सापडली, पण पहिल्यांदा उलटं लागलं होतं, दुसऱ्या बाजूने लगेच झोपलं. मागच्या पुठ्ठ्यावर काकांनी आपल्या मनाने रुंद इलॅस्टिकचा पट्टा आडवा शिवून दिला, चार बोटं जातील एवढा.

झाकणाच्या आत काय लावायचं यावर आम्ही अडलो. काका नेहमीसारखा कागद लावणार होते, पण कागदावर धूळ बसली की पडदा घासेल असं मला वाटत होतं. गोधडीवाली ताईंचं जुन्या मऊ कापडाचं म्हणणं आठवलं. अण्णांचं एक विरलेलं धोतर आईने काढून दिलं, तेच अस्तर केलं.

तीन दिवस वजनाखाली ठेवलं. वजन १०८ ग्रॅम भरलं, आधीच्यापेक्षा ५७ ग्रॅम कमी. ऐकायला थोडं वाटतं, पण अण्णांनी त्या संध्याकाळी आरामखुर्चीत बसून एका हातात धरून वाचलं. उशी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते टेबलाशी बसून झाकणाच्या आतल्या पांढऱ्या धोतरावर लिहीत होते, खालच्या कोपऱ्यात, पडद्यावर येणार नाही अशा जागी. नाव, तारीख, आणि खाली लाल शाईत ६१२. मी कपाट उघडून शेवटचं पुस्तक पाहिलं. त्यावर ६११ होता.

काल शेजारचे काका आले होते. किंडल टेबलावरच होतं.

वाचनवेडी
११ मे, रात्री १०:५०

ताई, डोळे भरून आले. मला पण असंच हवंय. माझं ६ इंची साधं किंडल आहे, १५७.८ बाय १०८.६. पुठ्ठा किती मोठा घेऊ?

पांझरा
१२ मे, सकाळी ८:००

वाचनवेडी ताई, उंची-रुंदीत पाच-सहा मिलिमीटर जास्त धरून १६४ बाय ११४ घ्या. बोरीकाठ ताई, लाल शाई पूर्ण वाळली का ते पांढऱ्या कापडाचा बोळा दाबून बघा. डाग उमटत असेल तर आणखी एक दिवस झाकण उघडं ठेवा.

बोरीकाठ
१२ मे, सकाळी ९:१०

बघितलं दादा, उमटत नाही.